गाणं बाईचं, इतिहास कुणाचा?

गेल्या पावसाळ्यात अमेरिकेत स्थायिक झालेली माझी एक जुनी मैत्रीण घरी आली होती. निघताना तिने पिशवीतून एक जुनी एलपी रेकॉर्ड काढून माझ्या हातात ठेवली. कडा झिजलेल्या, वेष्टन पिवळं पडलेलं. आमच्याकडे ती वाजवायला काही साधन नाही हे तिला ठाऊक होतं. ‘‘ऐकायला नाही, वाचायला आणलीय,’’ ती म्हणाली. ‘‘गाणी काय, मोबाईलवर सापडतील. ही कुणी काढली, का काढली ते बघ. तुम्हा चळवळवाल्या बायकांच्या कामाचं आहे.’’

रेकॉर्डचं नाव ‘मीन मदर्स’. डिक्शनरी उघडून अर्थ लावला तर ‘दुष्ट आया’ असं काहीतरी विचित्र निघेल. पण तिथल्या बोलीत त्याचा रोख वेगळा आहे. कुणाचं ऐकून न घेणाऱ्या, वेळ पडली तर चार शब्द सुनावणाऱ्या बाईला आपण ‘खमकी’ म्हणतो ना, त्याच्या जवळ जाणारा. खाली छोट्या अक्षरांत मालिकेचं नाव: स्वतंत्र बायकांचे ब्लूज, भाग पहिला. साल १९८०. आणि कंपनी – रोझेटा रेकॉर्ड्स, न्यूयॉर्क.

कंपनी म्हणायचं खरं, पण ती होती एका बाईची. रोझेटा राइट्झ. जन्म १९२४ चा. गाण्याच्या धंद्याशी तिचा काहीही संबंध नव्हता. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागात तिने पुस्तकांचं दुकान चालवलं, शुभेच्छापत्रांचा व्यवसाय केला, शेअर दलाली केली, अळंब्यांच्या पाककृतींचं पुस्तक लिहिलं. घटस्फोट झाला, तीन मुली वाढवल्या. सत्तरच्या दशकात ती स्त्रीमुक्ती चळवळीत आली आणि १९७७ साली तिने पाळी जाण्याच्या काळावर एक पुस्तक लिहिलं. त्या वयातल्या बायकांशी बोलून, ‘हा आजार नाही’ हे ठणकावून सांगणारं. त्या काळी या विषयावर जे काही छापलं जायचं ते बहुतेक पुरुष डॉक्टरांचं असायचं. नंतर १९७९ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, मित्रमैत्रिणींकडून दहा हजार डॉलर उसने घेऊन तिने रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. संशोधन ती करायची, फोटो ती शोधायची, वेष्टनावरचा लांबलचक मजकूर ती लिहायची आणि रेकॉर्डचे गठ्ठे बांधून पाठवायचीही तीच. आपल्यापैकी ज्यांनी अंकाच्या प्रतींना पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत त्यांना हे काम वेगळं समजावून सांगायला नको.

पुढच्या काही वर्षांत तिने अशा दीडेक डझन रेकॉर्ड काढल्या. त्यातली गाणी तिने स्वतः ध्वनिमुद्रित केली नव्हती. ती आधीच कुणी ना कुणी ध्वनिमुद्रित केलेली, बाजारात येऊन गेलेली आणि विसरली गेलेली होती. मग या बाईने नेमकं केलं काय, हा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर द्यायचं तर पंचावन्न-साठ वर्षं मागे जावं लागेल.

ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. गुलामी कायद्याने संपली तरी कापसाच्या मळ्यांतली वेठ, कर्ज, जमावाच्या हातून होणारे खून हे काही संपलं नव्हतं. त्या जगण्यातून दक्षिणेकडच्या राज्यांत हे गाणं तयार झालं. त्याची घडण सोपी. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि ऐकणारा ‘बरं, मग?’ म्हणून थांबला की तिसऱ्या ओळीत त्याला उत्तर द्यायचं. ते उत्तर कधी हुंदका असतं, कधी शिवी, कधी चक्क विनोद.

हे गाणं रेकॉर्डवर पहिल्यांदा आणलं ते बाईने. ऑगस्ट १९२० मध्ये मेमी स्मिथने न्यूयॉर्कमध्ये ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ गायलं. काळ्यांच्या रेकॉर्ड विकत घेणार कोण, अशी कंपन्यांची समजूत होती. रेकॉर्ड धडाधड खपली आणि समजूत गळून पडली. मग सगळ्या कंपन्या काळ्या गायिकांच्या शोधात धावल्या. मा रेनी, बेसी स्मिथ, आयडा कॉक्स, सिपी वॉलेस, क्लारा स्मिथ, अल्बर्टा हंटर. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ब्लूज म्हणजे या बायकाच. तंबूतल्या खेळांमधून, काळ्या वस्त्यांतल्या नाट्यगृहांमधून त्या गावोगाव फिरत होत्या. आयडा कॉक्स तर स्वतःची मंडळी घेऊन दौरे करायची. ती स्वतः गाणी रचायची, स्वतः गायची. मा रेनीने १९२८ मध्ये एका गाण्यात आपल्याला पुरुषांत रस नाही, बायकांत आहे, हे जवळजवळ उघड सांगून टाकलं. आणि वर, आहे तर सिद्ध करून दाखवा, असं आव्हान दिलं. १९२८ मध्ये!

पैसा कुठे गेला तेही बघू. मा रेनी आणि आयडा कॉक्सच्या रेकॉर्ड काढणारी पॅरामाउंट कंपनी ही मुळात विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची उपकंपनी होती. फोनोग्राफची लाकडी कपाटं खपावीत म्हणून त्यांनी रेकॉर्डचा जोडधंदा सुरू केला. बेसी स्मिथ १९२३ मध्ये कोलंबिया कंपनीत आली. ‘डाउनहार्टेड ब्लूज’ ही तिची पहिली रेकॉर्ड लाखांनी खपली. पण तिच्या करारातलं रॉयल्टीचं कलम खोडून टाकलेलं होतं. गाण्यामागे ठरलेली रक्कम मिळायची, संपलं. कोलंबियासाठी तिने दीडशेहून अधिक गाणी गायली. १९३७ मध्ये मोटार अपघातात ती गेली, तेव्हा तिच्या थडग्यावर साधा दगडही लागला नाही. तो लागला १९७० मध्ये. गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीच्या घरी फरशी पुसायला जाणारी जुआनिता ग्रीन या दोघींनी मिळून खर्च केला.

‘डाउनहार्टेड ब्लूज’ ज्या दोघींनी रचलं त्यांतली एक अल्बर्टा हंटर. पुढे ती गाणं सोडून नर्स झाली. प्रवेश मिळावा म्हणून तिने वय बारा वर्षांनी कमी सांगितलं आणि वीस वर्षं इमानाने नोकरी केली. १९७७ मध्ये सत्तरीची झाली म्हणून रुग्णालयाने तिला निवृत्त केलं, तेव्हा ती होती ब्याऐंशीची. त्याच वर्षी ती पुन्हा गायला उभी राहिली. (हे वाचून मी मोठ्याने हसले. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांची वयं कागदोपत्री अशीच लागेल तशी पुढेमागे होतात.)

१९२९ ची मंदी आली, कंपन्या बुडाल्या, गायिका घरी बसल्या. यानंतर जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९५० आणि ६० च्या दशकांत जुन्या ब्लूजचं पुनरुज्जीवन झालं. ते केलं बहुतांशी गोऱ्या, शिकलेल्या, तरुण पुरुष संग्राहकांनी. त्यांनी खूप मेहनत घेतली, जुन्या रेकॉर्ड धुंडाळल्या, म्हाताऱ्या गायकांना गावोगाव जाऊन शोधून काढलं, हे नाकारता येणार नाही. पण त्यांच्या मनात ‘खऱ्या’ ब्लूजचं एक चित्र होतं. एकटा, भटका, गिटार घेतलेला, मिसिसिपीच्या खोऱ्यातला पुरुष. रॉबर्ट जॉन्सनने १९३६–३७ मध्ये अवघी २९ गाणी ध्वनिमुद्रित केली होती. १९६१ मध्ये कोलंबियाने त्याची एलपी काढली आणि तो या गाण्याचा जणू मूळपुरुष ठरला. तो मोठा होता, यात वाद नाही. पण ज्या बायकांनी त्याच्या आधी दहा-पंधरा वर्षं हे गाणं घराघरांत नेलं, त्यांच्या गाण्याला ‘नाटकी’, ‘बाजारू’, ‘अस्सल नव्हे’ असं म्हणून बाजूला सारलं गेलं. झगमगते कपडे घालून, पियानोच्या साथीने रंगमंचावर गाणारी बाई म्हणजे बाजारू आणि झोपडीच्या पायरीवर गिटार वाजवणारा पुरुष म्हणजे अस्सल! आपल्याकडे लावणी करणारीच्या बाबतीत हा न्याय कसा लावला जातो ते मी सांगायला नको.

रोझेटा राइट्झने केलं ते इथे. तिने निवड करणारा हात बदलला. त्याच जुन्या रेकॉर्डच्या ढिगात ती चळवळीतल्या बाईचे कान घेऊन शिरली आणि तिला वेगळंच ऐकू आलं. संग्राहकांच्या याद्यांत ‘बाईचं ब्लूज’ म्हणजे सोडून गेलेल्या पुरुषासाठी रडणं. हिला रडणाऱ्या सापडल्याच, पण त्याहून जास्त सापडल्या हिशेब मागणाऱ्या. नवऱ्याला दार दाखवणाऱ्या, अंथरुणातल्या सुखाबद्दल न लाजता बोलणाऱ्या, कामाचे दाम मागणाऱ्या, एकमेकींना शहाणपणाचे चार शब्द सांगणाऱ्या. ‘मीन मदर्स’वर बिली हॉलिडेसारखी जगप्रसिद्ध गायिका आहे आणि तिच्या शेजारी ग्लॅडिस बेंटली आहे. ही बेंटली हार्लेममध्ये पांढरा कोट, उंच टोपी असा पुरुषी पोशाख करून गायची. नंतर आयडा कॉक्सची स्वतंत्र रेकॉर्ड निघाली. तिच्या मालिकेला रोझेटाबाईने नाव दिलं ‘फोरमदर्स’. पूर्वज म्हणताना आपल्याही डोळ्यांपुढे पुरुषच येतो. तिने पूर्वजा म्हटलं.

एक रेकॉर्ड नुसती रेल्वेगाड्यांच्या गाण्यांची आहे. वाचताना मी तिथे बराच वेळ थांबले. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख काळे लोक दक्षिण सोडून उत्तरेच्या शहरांकडे गेले. पुरुषांच्या गाण्यात गाडी म्हणजे सुटका. बायकांच्या गाण्यात तीच गाडी कितीदा तरी माणूस घेऊन जाते आणि बाई फलाटावर उरते. पण या रेकॉर्डचं उपशीर्षकच आहे, ‘माफ कर, तुला नेता येणार नाही’. गाडीत बसलेलं माणूस कोण आणि फलाटावरचं कोण, हे ऐकणाराने गृहीत धरू नये, असं काहीतरी त्यात आहे. मुंबईच्या चाळीतल्या नवऱ्याच्या मनीऑर्डरीची वाट बघणारी कोकणातली, घाटावरची बाई आपल्या इतिहासात आहे. तीही कधी गाडीत बसली असेलच की.

१९८४ मध्ये तिने ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम’ या ताफ्याची रेकॉर्ड काढली. हा ब्लूजपेक्षा जॅझचा, सोळा-सतरा मुलींचा ताफा. ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम, सगळं बायकाच वाजवणार. मिसिसिपीतल्या पायनी वूड्स या गरीब काळ्या मुलांच्या शाळेसाठी निधी जमवायला तो उभा राहिला आणि १९४१ मध्ये शाळेपासून वेगळा झाला. काळ्या, मेक्सिकन, चिनी वंशाच्या आणि पुढे गोऱ्याही मुली त्यात होत्या. काळ्यांना हॉटेलात जागा नाही म्हणून बसमध्येच झोपायचं. दक्षिणेत गोऱ्या मुलींनी चेहऱ्याला गडद रंग लावायचा, कारण काळ्या-गोऱ्यांनी एकत्र वाजवणं म्हणजे पोलिसांच्या हाती सापडणं. १९४५ मध्ये जर्मनीत जाऊन त्यांनी काळ्या सैनिकांसमोर कार्यक्रम केले. एवढं सगळं, आणि बाजारात त्यांच्या रेकॉर्ड अगदी मोजक्या. रोझेटाबाईने सैनिकांसाठी झालेल्या रेडिओ कार्यक्रमांतून त्यांचं वाजवणं मिळवलं. १९८६ मध्ये ग्रेटा शिलर आणि अँड्रिया वाइस यांनी या ताफ्यावर माहितीपट केला. अभ्यासक बायकाही याच सुमाराला ब्लूज गायिकांकडे वळल्या. हेझल कार्बीचा निबंध १९८६ चा, डॅफ्नी हॅरिसनचं पुस्तक १९८८ चं, अँजेला डेव्हिसचं १९९८ चं. हे सगळं एका छोट्या कंपनीमुळे झालं असं म्हणणं खोटं ठरेल; अॅलिस वॉकरची ‘द कलर पर्पल’, शुग अॅव्हरी या ब्लूज गायिकेसह, १९८२ मध्येच आली होती. पण वाचणारीला ऐकायचं झालं तर बायकांनी निवडून, मांडून ठेवलेलं काहीतरी हाताशी आलं ते या रेकॉर्डमुळे.

आता माझ्या मनातल्या शंका.

पहिली, पैशाची आणि रंगाची. गाणाऱ्या बहुतेक काळ्या, निवडणारी गोरी. ज्या संग्राहकांवर आपण टीका करतो तेही गोरेच. बाई असल्याने हा प्रश्न सुटत नाही. दलित मैत्रिणींनी आपल्या चळवळीला हेच विचारलं आहे: आमच्या बोलण्याचं संपादन तुम्हीच का करता? रोझेटाबाईच्या बाजूने एवढं म्हणता येईल की तिने गाणाऱ्यांना नावं दिली, चेहरे दिले. गायिकेच्या नावाशिवाय, सालाशिवाय गाणं सोडून दिलं नाही. पण नाव देणं म्हणजे हक्क देणं नव्हे.

दुसरी शंका मला जास्त छळते. खमक्या बायका, स्वतंत्र बायका, असं म्हणत निवडायला बसलं की ज्या खमक्या नव्हत्या त्यांचं काय? मा रेनीचंच १९२८ मधलं एक गाणं आहे, ‘स्वीट रफ मॅन’. त्यात मारणाऱ्या पुरुषाचं वर्णन आहे आणि त्याच दमात त्याच्यावरच्या प्रेमाची कबुली. त्याच वर्षीच्या ‘ब्लॅक आय ब्लूज’मध्ये मार खाणारी बाई उलट नवऱ्याला बजावते, कधीतरी सापडशील. दोन्ही गाणी एकाच गळ्यातली. अँजेला डेव्हिस म्हणते की ज्या काळात घरातल्या मारहाणीबद्दल चारचौघांत बोलायला शब्दच नव्हते, त्या काळात या गाण्यांनी ती रंगमंचावर आणली, हेच मोठं आहे. मला हे पटतं. आमच्या सल्ला केंद्रात सकाळी तक्रार लिहून देणारी बाई संध्याकाळी ती मागे घ्यायला येते. आमच्यातल्या काहीजणी वैतागतात, मीही वैतागले आहे. आपल्याला ‘ब्लॅक आय ब्लूज’वाली बाई हवी असते; तीच बाई ‘स्वीट रफ मॅन’ही गाते हे ऐकून घ्यायची तयारी कमी पडते. पोस्टरवर मूठ वळलेली बाई काढताना आपणही निवडच करत असतो.

आणि केस पेपरमध्ये तर उलटी निवड. तिथे बाई फक्त दुःखीच असते. किती वर्षं मारहाण, किती मुलं, माहेरचा आधार आहे की नाही. ती हसली कशाला, नवऱ्याची नक्कल कशी केली, बाहेर बाकावर बसलेल्या दुसरीला काय सांगितलं, याला आमच्या नमुन्यात रकाना नाही.

रोझेटाबाईने १९८७ मध्ये काढलेली ‘जेलहाउस ब्लूज’ ही रेकॉर्ड मी शेवटी ऐकली. मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगातल्या काळ्या बायकांची गाणी. १९३६ आणि १९३९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी ती ध्वनिमुद्रित झाली होती आणि तिथेच पडून होती. या बायकांना तुरुंगात शिवणकामाला बसवत. साथीला एकही वाद्य नाही, नुसते आवाज. मॅटी मे थॉमस नावाची एक कैदी गाते. तुरुंगाबद्दलच गाते, पण दयेची भीक नाही. आवाजात एक थंड, सावकाश धार आहे. ऐकताना मला माझं एमएसडब्ल्यूचं दुसरं वर्ष आठवलं.

क्षेत्रकार्यासाठी मला एका कारागृहाच्या महिला बराकीत पाठवलं होतं. आठवड्यातून दोन दिवस. प्रत्येक भेटीचा अहवाल लिहावा लागायचा आणि त्या अहवालाला आमच्याकडे शब्द आहे ‘रेकॉर्डिंग’. एका दुपारी तांदूळ निवडत बसलेल्या बायका गात होत्या. एक जण ओळ टाकायची, बाकीच्या उचलायच्या. कोर्टाची तारीख, न भेटायला येणारा भाऊ, वकिलाची फी, सगळं त्यात होतं. मधेच हशा पिकायचा. ओळ टाकणारी साधारण चाळिशीची, सासूच्या खुनाच्या आरोपाखाली कच्च्या कैदेत होती. परवा जुनी वही काढून पाहिली. त्या दिवशीचं माझं रेकॉर्डिंग दोन वाक्यांचं आहे: ‘बायका गाणी म्हणत होत्या. वातावरण खेळीमेळीचे होते.’

तिचं नाव मला आठवत नाही. १९३९ मधल्या मिसिसिपीच्या तुरुंगातली मॅटी मे थॉमस आज नावानिशी ऐकता येते.

आपल्याकडे हे काम कुणी केलंच नाही असं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांबरोबर लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बायकांच्या नावागावासकट. पण आपल्या स्वतःच्या संघटनांचं काय? आमच्या कार्यालयातल्या कपाटात जुन्या शिबिरांच्या एकोणीस कॅसेट निघाल्या. आठ मार्चचे कार्यक्रम, परित्यक्तांच्या परिषदा, पथनाट्यांच्या तालमी. बहुतेकींवर फक्त ‘गाणी’ एवढंच लिहिलंय. दोन कॅसेटच्या फितीला बुरशी लागली आहे, बाकीच्या वाजतात. दर शनिवारी दुपारी तीन वाजता जुन्या कार्यकर्त्या येऊन ऐकतात आणि आवाज ओळखतात. ‘अगं ही तर आपली शांता, धुण्याभांड्याच्या मोर्चात असायची ती,’ असं काहीतरी कुणी म्हणालं की मी लिहून घेते. आतापर्यंत चौदा आवाजांना नावं मिळाली. त्यातल्या तिघी हयात आहेत, आणि त्यांना विचारल्याशिवाय काही बाहेर द्यायचं नाही असं ठरवलं आहे. तुमच्या संघटनेच्या कपाटात अशा कॅसेट असतील तर अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. कॅसेट वाजवायचं चालू स्थितीतलं यंत्र कुणाकडे असेल तर तेही. आमचं अधूनमधून फीत गिळतं.